गावच्या संग्रहालयासाठी हाताळता येणाऱ्या मांडण्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या शाळा, ग्रामपंचायती, वाचनालयं आणि घरचं जुनं सामान जिवापाड सांभाळणारी माणसं आम्हाला जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, त्यांची ही उत्तरं. आमचा गट लहान आहे: एक सुतार, एक वायरमन, इतिहास शिकवून निवृत्त झालेले एक गुरुजी आणि प्रोग्रॅम लिहिणारी दोन मुलं. जे स्वतः करून पाहिलं आणि नंतर दुरुस्त करत राहिलो, तेच इथे लिहिलं आहे. एकच गोष्ट दोनदा सांगणं टाळलं आहे. जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. इंटरॅक्टिव्ह मांडणी म्हणजे नेमकं काय? मोठा टचस्क्रीन लावला की झालं ना?

पाहणाऱ्यानं काही केलं आणि त्यामुळे समोर काही बदललं, तर ती इंटरॅक्टिव्ह मांडणी. त्यासाठी पडदा लागतोच असं नाही. आमच्याकडची सगळ्यात जास्त वापरली जाणारी मांडणी म्हणजे एक दगडी जातं. खुंटा धरून फिरवलं की ओवी ऐकू येते. हात थांबला की ओवी थांबते, पुन्हा फिरवलं की पुढची ओळ सुरू होते. वरच्या तळीच्या कडेला चार लहान लोहचुंबक बसवले आहेत आणि शेजारच्या लाकडी चौकटीत एक चुंबकी स्विच. चुंबक जवळून गेला की स्विच लागतो आणि तळहाताएवढा कॉम्प्युटर आवाज सोडतो. हे जातं पाथरवटाकडून नवं घडवून घेतलं आहे. दान आलेलं जुनं जातं बाजूला काचेआड आहे, त्याला आम्ही एक खिळाही लावलेला नाही. हा नियम सगळीकडे पाळा: हात लावायला प्रतिकृती, पाहायला मूळ वस्तू.

२. सुरुवात कुठून करायची? आधी यंत्रं घ्यायची की आधी विषय ठरवायचा?

आधी विषय, आणि तोही तुमच्या गावापासून सायकलनं जाता येईल एवढ्या अंतरातला. "वाकाटकांपासून आजपर्यंतचा विदर्भ" असा प्रस्ताव आला की आम्ही तो परत पाठवतो. एवढं सगळं तीन खोल्यांत बसवायचं म्हटलं की प्रत्येक गोष्टीच्या वाट्याला एक पाटी येते, आणि नुसती पाटी कुणी थांबून वाचत नाही.

विदर्भात कुठेही उभं राहिलं तरी जवळ काहीतरी असतंच. नागपूरच्या आसपास जुनापाणी, माहूरझरी, नायकुंड इथे लोहयुगातल्या माणसांची दगडी वर्तुळं आहेत. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, माहूरझरीला घोड्यांच्या अंगावरचे तांब्याचे दागिने. वैनगंगेकाठी पवनीला स्तूपांचे अवशेष आहेत. पूर्वेकडे मालगुजारी तलाव, पश्चिमेकडे कापूस, चिमूर-आष्टीला १९४२ चा ऑगस्ट, चंद्रपूर-बल्लारपूरला गोंड राजांचे किल्ले.

विषय ठरला की एक वाक्य लिहा: "इथून बाहेर पडताना माणसाला अमुक कळलेलं असेल." ते वाक्य गावातल्या पाच जणांना वाचून दाखवा. त्यांनी पुढे आपणहून काही सांगायला सुरुवात केली तर विषय बरोबर आहे. नुसती मान डोलावली तर दुसरा शोधा.

३. आमच्या भागात कापूस सगळ्यांनाच माहीत आहे. त्यात दाखवण्यासारखं काय आहे?

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात आवडतो. वेचणी करणाऱ्या बाईला कापसाचं वजन खांद्यानं कळतं. ते वजन पुढे कुठे जातं, हे मात्र तिला कुणी दाखवलेलं नसतं.

एका ठिकाणी आम्ही वजनकाट्याची मांडणी केली. पाहणारा बोंडांतला कापूस भरलेली पिशवी काट्यावर ठेवतो. समोर दोन काचेच्या नळ्यांत दिवे चढत जातात: एकीत रुई, दुसरीत सरकी. कापसाच्या वजनात रुई साधारण एक तृतीयांश असते, बाकीची बहुतेक सरकी. मग तिसरा आकडा येतो: १७० किलोची एक गाठ भरायला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो, म्हणजे तुमच्यासारख्या एवढ्या पिशव्या. शेजारी हातानं फिरवायचा रेचा आहे. त्यात बोंडातला कापूस घातला की रुई पुढे येते आणि सरकी मागे पडते. त्याला वीज लागत नाही आणि तिथे कायम रांग असते.

इतिहास याच्यानंतर येतो. अमेरिकेतलं यादवी युद्ध (१८६१-६५) सुरू झालं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी मोल आलं. रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये तिथेच सुरू झाली. हे सन भिंतीवर लिहिले तर कुणी वाचत नव्हतं. काट्यावर पिशवी ठेवलेला माणूस मात्र तिची गाठ कुठल्या गाडीनं गेली हे विचारतो, तेव्हा तेच सन त्याला हवे असतात.

४. खर्च किती येईल?

जागा आणि वस्तू पाहिल्याशिवाय आकडा सांगणं बरोबर होणार नाही, पण वाटणी सांगता येते. यंत्रांवर एक तृतीयांशापेक्षा जास्त घालवू नका. उरलेले पैसे संशोधन, ध्वनिमुद्रण, लेखन आणि सुतारकाम यांना लागतात. एकूण रकमेचा दहावा भाग पहिल्या दोन वर्षांच्या देखभालीसाठी वेगळ्या खात्यात टाका.

आसपास खाणी, सिमेंट किंवा वीज कारखाने असतील तर कंपन्यांच्या सामाजिक निधीसाठी अर्ज करता येतो. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीत वारसा, कला आणि संस्कृती यांचं जतन बसतं. मात्र देणगीदाराला उद्घाटनाचा फोटो हवा असतो आणि तुम्हाला तिसऱ्या वर्षीची बॅटरी. ही बॅटरी करारातच लिहून घ्या.

५. टचस्क्रीन घ्यायचाच असेल तर कोणता घ्यावा?

मोबाइलसारखा कपॅसिटिव्ह पडदा बोटाच्या विद्युतवहनावर चालतो. कोरड्या, घट्टे पडलेल्या बोटांचा स्पर्श त्याला नीट कळत नाही. निंदण-डवरणीनं राठ झालेला हात पडद्यावर तीनदा दाबतो, काही होत नाही, आणि ती बाई "मले नाही जमत" म्हणून मागे सरते. चूक पडद्याची असते आणि कमीपणा तिला येतो. हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं, आणि तेव्हापासून गावात इन्फ्रारेड चौकटीचा पडदाच लावतो. त्याच्या काचेवर न दिसणाऱ्या प्रकाशाची जाळी असते. ती अडली की स्पर्श नोंदला जातो, मग बोट असो, काठी असो की हातमोजा. त्याच्या दोन खोडी आहेत: थेट ऊन पडलं की गोंधळतो, आणि चौकटीत धूळ बसली की आपोआप दाबल्यासारखा वागतो. खिडकीकडे पाठ करून लावा आणि रोज सकाळी चौकट कोरड्या कापडानं पुसा.

पर्याय पाचाहून कमी असतील तर पडदा नकोच. मोठी, रंगीत, दाबली की टक् असा आवाज करणारी बटणं लावा.

६. आमच्याकडे वीज कधीही जाते. मग हे सगळं चालणार कसं?

वीज जाणारच, असं धरूनच मांडणी करा. वीज परत आल्यावर कुणी काही न दाबता सगळं आपोआप सुरू व्हायला हवं. चौकीदाराला पासवर्ड विचारणारी मांडणी महिनाभरात कायमची बंद पडते.

रॅस्पबेरी पायसारखे छोटे कॉम्प्युटर स्वस्त आणि चांगले आहेत, पण मेमरी कार्डवर काही लिहिलं जात असतानाच वीज गेली तर कार्ड खराब होऊ शकतं. उपाय असा की कार्ड "फक्त वाचन" पद्धतीवर ठेवायचं, म्हणजे चालू असताना त्यावर काही लिहिलंच जात नाही. शिवाय त्याच कार्डाची हुबेहूब प्रत लिफाफ्यात घालून त्याच कपाटात ठेवा आणि लिफाफ्यावर कार्ड कसं बदलायचं ते चित्रानं दाखवा. पंधरा मिनिटं टिकणारा यूपीएस पुरतो.

अर्थिंगकडे फार थोडे लोक लक्ष देतात. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि त्याचा उपयोग कमी होतो. मार्च ते जून दर आठवड्याला त्यात दोन बादल्या पाणी घाला. मृगाच्या आधी वीज कडाडू लागली की मांडण्यांचे प्लग काढून ठेवायची जबाबदारी एका माणसाच्या नावानं लिहून ठेवा.

७. माणूस जवळ आला की आवाज सुरू करणारे सेन्सर हिवाळ्यात नीट चालत होते, एप्रिलपासून चालत नाहीत. बिघडले का?

बिघडले नाहीत. पीआयआर सेन्सर अंगाची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यांतला फरक ओळखतो. खोलीच जेव्हा ३६-३७ अंशांवर जाते, तेव्हा माणूस आणि भिंत त्याला सारखेच दिसतात. पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित दालनांत हा प्रश्न येत नाही, म्हणून तिथून मागवलेल्या आराखड्यांत पीआयआर सर्रास असतो. आपल्याकडे पायाखाली दाबाची चटई किंवा दाराच्या दोन बाजूंना प्रकाशकिरण अडवणारी जोडी वापरा. रडार पद्धतीचे लहान सेन्सरही आता मिळतात, त्यांना तापमानाशी देणंघेणं नसतं.

उन्हाळ्याची आणखी तीन पथ्यं. बहुतेक प्रोजेक्टर ४० अंशांपर्यंतच चालण्यासाठी बनवलेले असतात, म्हणून मे महिन्यात दुपारी १ ते ४ ते बंद ठेवा आणि तशी पाटी लावा. कूलरचा झोत यंत्रांवर येऊ देऊ नका, त्यातली ओल आत शिरते. आणि यंत्रांच्या डब्यांची हवेची भोकं बारीक जाळीनं झाका. कुंभारीण माशी मोकळ्या भोकात मातीचं घर बांधते, उंदीर वायरी कुरतडतात, आणि पालीनं यूपीएसमध्ये शॉर्ट केल्याचं आम्ही दोनदा पाहिलं आहे.

८. प्रोजेक्टर चांगला की टीव्ही?

दुपारी खोलीत अंधार करता येत नसेल तर टीव्ही. अंधार होत असेल तरी आधी अंतर मोजा. प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकावर अंतराचं गुणोत्तर दिलेलं असतं. ते १.५ असेल आणि चित्र २ मीटर रुंद हवं असेल, तर प्रोजेक्टर ३ मीटर मागे लागेल. मध्ये लोक उभे राहिले की भिंतीवर त्यांच्या सावल्या पडतात, म्हणून जवळून टाकणारा प्रकार बरा. दिव्याचा प्रोजेक्टर घेऊ नका, लेझरचा घ्या. साधारण २०,००० तास चालतो, म्हणजे रोज ८ तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले तर आठ वर्षं.

९. आमचा भाग झाडीपट्टीचा, सगळे मामा (माजी मालगुजारी) तलाव. त्यावर मुलांसाठी काय करता येईल?

वाळूची पेटी करा. दीड मीटर लांबीच्या लाकडी पेटीत स्वच्छ, फिकी वाळू भरायची. वर एक अंतर मोजणारा (डेप्थ) कॅमेरा आणि एक प्रोजेक्टर टांगायचा. मुलं वाळूचे उंचवटे करतात आणि प्रोजेक्टर त्याच वाळूवर उंचीनुसार रंग आणि समोच्चरेषा टाकतो. वर हात धरला की पाऊस पडल्यासारखं निळं पाणी उतारानं वाहतं. यासाठीचा प्रोग्रॅम अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत तयार झाला आणि तो विनामूल्य मिळतो. लिनक्सवर चालणारा, चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेला कॉम्प्युटर तेवढा लागतो.

जगभर ही पेटी भूगोल शिकवायला वापरतात. आपल्याकडे ती इतिहासाची मांडणी होते, कारण भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले हजारो तलाव कोहळी समाजानं आणि गावोगावच्या मालगुजारांनी उतार वाचूनच बांधले. मुलांना काम द्या: पाळ घाला, सांडवा ठेवा, पाट काढा आणि खालच्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, पाणी पोचवा. पाळ चुकली की पाणी गावात शिरतं. शेजारी तुमच्याच गावच्या तलावाचा नकाशा लावा. एका शाळेतली मुलं पेटीवरून उठून थेट तलावाच्या पाळीवर गेली होती आणि सांडवा कुठे आहे ते शोधत होती. आम्हाला एवढंच हवं होतं.

कॅमेरा फक्त वाळूची उंची मोजतो. कोणत्याही मांडणीत मुलांचे चेहरे साठवू नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ नुसार १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते.

१०. इंटरनेट लागेल का? क्यूआर कोड लावावेत का?

मांडणी चालायला इंटरनेट लागता कामा नये, सगळं तिथल्याच यंत्रात ठेवा. क्यूआर कोड जास्तीची माहिती म्हणून चालेल, मुख्य गोष्ट त्याच्यामागे लपवू नका. ज्या आजी नातवाला घेऊन येतात, त्यांच्याकडे बहुधा बटणाचा फोन असतो.

११. पडद्यावर मराठी अक्षरं तुटतात, जोडाक्षरं फुटतात. प्रोग्रॅमर म्हणतो फॉन्टचा दोष आहे. खरं काय?

बहुतेक वेळा फॉन्ट निर्दोष असतो. देवनागरीत अक्षरं एकमेकांत मिसळतात, ऱ्हस्व इकार उच्चारात नंतर येतो पण लिहिताना आधी. ही जुळवणी करणारा भाग प्रोग्रॅममध्ये असावा लागतो, आणि खेळ बनवायच्या काही साधनांत तो नसतो. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे मांडणी ब्राउझरच्या पानावर करणं, तिथे हे काम चोख होतं. ते शक्य नसेल तर मजकुराची चित्रं करून वापरा.

तपासणीसाठी "वऱ्हाड" हा शब्द लिहून पाहा. त्यातला अर्धा ऱ आडव्या चंद्रकोरीसारखा दिसला पाहिजे. तिथे रफार आला किंवा पाय मोडलेला र दिसला तर काम अपुरं आहे. तसंच "पऱ्हाटी" आणि "दऱ्या". पानाची भाषा मराठी अशी नोंदवली तर काही फॉन्ट ल आणि श यांची आपली मराठी वळणंही दाखवतात. जुन्या डीटीपीवाल्याकडून आलेला मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि मग माणसाकडून वाचून घ्या. असा बदल करताना जोडाक्षरं हमखास बिघडतात.

१२. पाट्या कोणत्या भाषेत? प्रमाण मराठी, वऱ्हाडी, झाडीबोली की गोंडी?

आमची रीत अशी: लिहिलेलं प्रमाण मराठीत, ऐकू येणारं बोलीत. ज्या बोलीत गोष्ट सांगितली गेली त्याच बोलीत ती ऐकू येऊ द्या, निवेदक आणून शुद्ध करून घेऊ नका. मात्र वऱ्हाडीचा उपयोग फक्त हसवायला करू नका. आपल्या बोलीत मरणाचं, कर्जाचं आणि मायेचंही बोललं जातं.

गोंडी गावांत गोंडी आवाज पहिला ठेवा आणि मराठी दुसऱ्या बटणावर. लिपीचा प्रश्न नाजूक आहे. मसराम गोंडी लिपी २०१७ मध्ये आणि गुंजाला गोंडी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आली, दोन्हींचे फॉन्ट विनामूल्य मिळतात. पण कोणती वापरायची, की देवनागरीच ठेवायची, हे त्या गावच्या लोकांनी ठरवायचं आहे. नावं कुणाच्या उच्चाराप्रमाणे लिहायची यावरही बैठक घ्या.

१३. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी आणि गाणी कशी रेकॉर्ड करावीत?

फोन चालेल, पण कॉलरला लावायचा माइक घ्या. शक्य असेल तर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, डब्ल्यूएव्ही स्वरूपात साठवा. पंखा आणि कूलर बंद. पेरणी-वेचणीच्या दिवसांत जाऊ नका. सुगी झाल्यावर, संध्याकाळी, त्यांच्याच ओसरीवर बसा.

ओवी "म्हणून दाखवा" म्हटलं की आठवत नाही. समोर जातं ठेवा, खुंटा हातात द्या, मूठभर दाणे टाका. दुसऱ्या फेऱ्याला ओवी येते. भुलाबाईची गाणी एकटीकडून घेऊ नका, दोघीतिघी असल्या की एकमेकींना आठवण करून देतात.

संमती आधी घ्या आणि ती मोठ्यानं वाचून दाखवा: आवाज कुठे लागेल, किती दिवस, नाव लावायचं का, नको वाटलं तर कसं काढायचं. हे बोलणंही रेकॉर्ड करा. ध्वनिफितीच्या दोन प्रती दोन वेगळ्या गावांत ठेवा आणि तिसरी घरच्यांना द्या. संमती नंतर मागे घेतली तर काय, हे प्रश्न २० मध्ये आहे.

१४. आवाजांची सरमिसळ होते. टिनाच्या छपराखाली काहीच कळत नाही.

एका खोलीत मोकळा आवाज एकच. बाकीचे आवाज जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरमध्ये घाला. रिसीव्हर उचलला की सुरू, ठेवला की बंद. छपराखाली गोणपाट किंवा जुन्या गोधड्या ताणून बांधल्या तर घुमणं बरंच कमी होतं.

१५. मुलं मोडतोड करतात. हात लावू नये अशी पाटी लावावी का?

नको. मोडणारा भाग स्वस्त ठेवा, चार जास्तीचे आणून ठेवा, आणि स्क्रू गावच्या सायकलवाल्याच्या पान्यानं उघडतील असे वापरा.

१६. डोळ्यांनी न दिसणारे, चाकाच्या खुर्चीतले, लिहितावाचता न येणारे लोक येतात. त्यांच्यासाठी वेगळी मांडणी करायची?

वेगळी नको, तीच सगळ्यांना चालेल अशी करा. उताराची चढण १ ला १२, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. बटणं जमिनीपासून ७० ते १०० सेंटिमीटरवर, टेबलाखाली गुडघे आत जातील एवढी मोकळी जागा. प्रत्येक बटणावर हाताला कळणारा वेगळा आकार: बोंड, चाक, मासा. बोंडाचं बटण न वाचणाऱ्या आजीलाही कळतं आणि न दिसणाऱ्या मुलालाही. पाटीचा मजकूर पन्नास शब्दांच्या आत आणि तोच आवाजातही.

१७. शेतात नांगरताना नाणी, मूर्ती सापडतात. त्या आम्ही संग्रहालयात ठेवून त्यावर मांडणी करू शकतो का?

परस्पर नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त मोलाचा जमिनीत सापडलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या वस्तू येतात, हस्तलिखितांसाठी ही मुदत ७५ वर्षांची आहे, आणि काही ठरावीक प्रकारांची नोंदणी करावी लागते. वस्तू धुऊ-घासू नका. सापडली ती जागा, किती खोल सापडली ते आणि तारीख लिहा, फोटो काढा आणि कळवा. सापडवणाऱ्या शेतकऱ्याला कार्यालयात एकट्याला पाठवू नका, सरपंच किंवा गुरुजी सोबत जा.

संग्रहालयासाठी प्रतिकृती करा. सगळ्या बाजूंनी, एकमेकांवर साठ-सत्तर टक्के चढतील असे फोटो काढले की कॉम्प्युटर त्यांतून घनाकृती तयार करतो. परवानगी मात्र आधी घ्या. रामटेकजवळ नगरधनच्या उत्खननात प्रभावतीगुप्ता या वाकाटक राणीच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली. दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही मुलगी, नवरा गेल्यावर मुलांच्या वतीनं राज्य चालवणारी. अशा मुद्रेचा लाकडी शिक्का करून ओल्या मातीत उमटवायला द्या. मुली तो ठसा वाळवून घरी नेतात. खाली ठळक लिहा: "ही प्रतिकृती आहे."

तुमची जागा संरक्षित स्मारकाच्या शंभर मीटरच्या आत असेल तर नवी शेडसुद्धा बांधता येत नाही, हे आधी तपासा.

१८. देवाच्या वस्तू आणि पूजेचे आवाज मांडणीत घ्यावेत का? गोंड पाड्यावरून विरोध झाला.

विरोध झाला तर घेऊ नका. पेन म्हणजे त्यांच्यासाठी देव आहे, बटण दाबून वाजवायची वस्तू नाही. काही वाद्यं ठरावीक प्रसंगीच वाजतात, काही वस्तू सगळ्यांनी पाहायच्या नसतात. भुमक (गावचा पुजारी) आणि गावातल्या जाणत्यांना विचारा, आणि त्यांनी दाखवायला सांगितलं तेवढंच दाखवा. उरलेली जागा रिकामी ठेवून तिथे लिहिता येतं: "हे इथे न ठेवण्याचं गावानं ठरवलं." दगडी वर्तुळांत सापडलेल्या मानवी हाडांनाही हाच नियम लावा.

१९. लोक एक सांगतात आणि उत्खननात दुसरंच दिसतं. कुणाचं लावायचं? आणि शेतकरी आत्महत्यांसारखा विषय घ्यावा का?

पहिल्यासाठी दोन्ही, सारख्या आकारात. वर्धेकाठचं कौंडिण्यपूर घ्या. ते रुक्मिणीचं माहेर, तिथून पंढरीला पालखी जाते. उत्खननात तिथे सातवाहन काळातली वस्तीही दिसली. दोन रिसीव्हर ठेवा: एकावर "आम्ही ऐकत आलो", दुसऱ्यावर "मातीत मिळालं". पहिल्यात गावची बाई बोलेल, दुसऱ्यात पुरातत्त्वाचा अभ्यासक. कुणी कुणाला खोडायचं नाही, पण एकाचं दुसऱ्याच्या नावावर खपवायचंही नाही.

दुसरा विषय आपल्या इतिहासाचा आहे आणि तो टाळून कापसाची गोष्ट पुरी होत नाही. पण त्याचा खेळ करू नका. "तुम्ही शेतकरी आहात, कर्ज घ्या, पुढे काय होतं पाहा" अशी मांडणी आम्हाला सुचवली गेली होती, आम्ही नकार दिला. तिथे येणाऱ्यांत ज्याच्या घरी हे घडलं असा कुणीतरी असतो. त्या खोलीत सेन्सर नको, आपोआप सुरू होणारा आवाज नको, मृत्यूची पद्धत कुठेही नको. बियाण्याच्या पावत्या, सावकाराची वही, पावसाच्या नोंदी, मागे राहिलेल्या बायकांनी शेती कशी उभी केली हे त्यांच्याच शब्दांत. बसायला बाक आणि बाहेर पडायला वेगळं दार ठेवा. दाराशी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोठ्या अक्षरात लावा.

२०. ज्यांच्या ओव्या जात्यावर लागतात त्या आजी वारल्या. घरच्यांना आवाज ऐकवत नाही, काढून टाका म्हणतात. लेखी संमती तर आमच्याकडे आहे. काय करावं?

त्याच दिवशी काढा. संमतीचा कागद तुमच्या बाजूनं असला तरी तो पुढे करू नका. जातं तसंच फिरू द्या, ओवीच्या जागी नुसती दळणाची घरघर लावा. पाटीवरचं नाव ठेवायचं की नाही हे घरच्यांना विचारा. दोन्ही प्रती (प्रश्न १३) सीलबंद करून तारीख घाला, त्यातलं काहीही परस्पर कुणाला ऐकवू नका. वर्षश्राद्ध झाल्यावर एकदा घरी जा आणि विचारा, एकदाच. लावा म्हणाले तर लावा. नाही म्हणाले तर मूळ प्रत त्यांच्या हातात द्या आणि आपल्याकडच्या दोन्ही पुसून टाका.